शेवटचा परिच्छेद

७ नोव्हेंबर २०२३, मंगळवार. सकाळीच पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये झडत्या सुरू झाल्या. मंत्रालयं, खासगी घरं, वकिलांच्या कचेऱ्या आणि साव बेंतो इथलं पंतप्रधानांचं अधिकृत निवासस्थान. पंतप्रधानांच्या कार्यालयप्रमुखाच्या खोलीत ७५,८०० युरो रोख सापडले. प्रकरण उत्तरेकडच्या लिथियमच्या खाणी, सिनिश बंदराजवळचा हायड्रोजन प्रकल्प आणि तिथलंच एक मोठं डेटा सेंटर यांच्या परवान्यांचं. महाअभियोक्त्यांच्या, म्हणजे देशाच्या सर्वोच्च सरकारी वकिलांच्या, कार्यालयाने एक प्रसिद्धिपत्रक काढलं. कुणाला ताब्यात घेतलं, कुठे झडत्या झाल्या, कोणत्या गुन्ह्यांचा संशय आहे, अशी रुक्ष सरकारी माहिती त्यात क्रमाने दिलेली होती. अगदी तळाशी आणखी एक परिच्छेद होता. अडलेली कामं मार्गी लावण्यासाठी संशयितांनी पंतप्रधानांचं नाव आणि त्यांचा हस्तक्षेप यांचा उल्लेख केला आहे, त्याची चौकशी सर्वोच्च न्यायालयाच्या कक्षेत स्वतंत्रपणे होईल, अशा अर्थाचा. दुपारी पंतप्रधान आंतोनियो कोस्ता कॅमेऱ्यासमोर आले आणि त्यांनी राजीनामा जाहीर केला. आपल्या सचोटीबद्दल संशय असताना या पदावर राहणं पदाच्या प्रतिष्ठेला धरून नाही, आपण काही गैर केलेलं नाही, एवढाच त्यांच्या बोलण्याचा गाभा. आठ वर्षं चाललेली पंतप्रधानकी आणि हाताशी असलेलं स्पष्ट बहुमत एका दिवसात संपलं.

तो परिच्छेद मनातून जात नाही. त्यात आरोप नाही, कलम नाही, पुरावा नाही आणि कुणाची सहीही नाही. ज्याच्याविषयी तो लिहिला तो माणूस वकील होता आणि एके काळी देशाचा न्यायमंत्रीही होता. कागदावरच्या एका वाक्याचं वजन किती, हे त्याला देशातल्या बहुतेकांपेक्षा जास्त कळत होतं. कदाचित म्हणूनच त्याने उलटा युक्तिवाद केला नसावा.

पोर्तुगालमध्ये सरकारी अभियोग यंत्रणा न्यायमंत्र्याच्या हाताखाली नसते. जवळजवळ पन्नास वर्षांची हुकूमशाही भोगलेल्या देशाने लोकशाही आल्यावर तिला मुद्दाम स्वायत्तता दिली. महाअभियोक्त्याची नेमणूक सरकारच्या प्रस्तावावरून राष्ट्राध्यक्ष करतात, मुदत सहा वर्षांची. एकदा माणूस खुर्चीत बसला की कुठली फाइल उघडायची आणि कुठली मिटायची, हे मंत्री सांगू शकत नाही. २०२३ मध्ये या खुर्चीवर लुसिलिया गागो होत्या आणि २०१८ मध्ये त्यांचं नाव पुढे केलं होतं कोस्तांच्याच सरकारने. पंतप्रधानाविरुद्धची चौकशी साध्या न्यायालयात होत नाही, ती थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाते. त्यामुळे संशयाचा धागा कितीही बारीक असला, तरी तो तिथे पोचला की मथळा मोठा होतो. ही व्यवस्था कोस्तांना आतून माहीत होती. १९९९ ते २००२ ते न्यायमंत्री होते, त्याआधी संसदीय कामकाज मंत्री. पुढचे काही महिने त्यांनी अभियोक्त्यांच्या स्वायत्ततेविरुद्ध मोहीम उघडली नाही. आपल्यावर शेकल्यावर व्यवस्थेलाच झोडणारे नेते सगळ्या देशांत असतात. या माणसाने तो मोह टाळला, याची नोंद घ्यायला हवी.

राजीनाम्याची पुढची हाताळणीही पक्क्या कायदेवाल्यांची होती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्सेलो रेबेलो द सोझा हे लिस्बन विद्यापीठात घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक होते आणि कोस्ता त्यांचे विद्यार्थी. त्या वेळी २०२४ चा अर्थसंकल्प संसदेत होता. राजीनामा लगेच अमलात आला असता तर सरकार काळजीवाहू झालं असतं आणि अर्थसंकल्प बुडाला असता. पगारवाढ, पेन्शन, करसवलत सगळं लटकलं असतं. म्हणून राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा स्वीकारला, पण औपचारिक हुकूम डिसेंबरपर्यंत काढला नाही. २९ नोव्हेंबरला अर्थसंकल्प मंजूर झाला, मग सरकार रीतसर बडतर्फ झालं, जानेवारीत संसद बरखास्त झाली आणि १० मार्च २०२४ ला निवडणूक झाली. दोघांनीही मर्यादा सांभाळली. फक्त एका बाबतीत गुरूने शिष्याचं ऐकलं नाही. निवडणूक न घेता माजी अर्थमंत्री मारियो सेंतेनो यांना पंतप्रधान करा, बहुमत तर आमच्याकडे आहेच, हा कोस्तांचा प्रस्ताव राष्ट्राध्यक्षांनी नाकारला.

कोस्तांबद्दल आपल्याकडे बातमी येते ती बहुधा गोव्याच्या अंगाने. मडगावच्या आबे फारिया रस्त्यावर त्यांच्या वडिलांच्या घराण्याचं जुनं घर आहे आणि घरात त्यांना बाबूश म्हणतात, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण वडिलांची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. ओर्लांदो द कोस्ता जन्मले मोझांबिकमध्ये, वाढले मडगावात आणि ऐन तारुण्यात लिस्बनला गेले. लेखक, जाहिरात क्षेत्रात नोकरी आणि पक्के कम्युनिस्ट. सालाझारच्या राजकीय पोलिसांनी, म्हणजे पीदने, त्यांना एकाहून अधिक वेळा तुरुंगात टाकलं. याच राजवटीने सांगलीच्या मोहन रानड्यांना लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात डांबून ठेवलं होतं. गोवा मोकळा झाल्यानंतरही ते १९६९ पर्यंत सुटले नाहीत. गोवेकर कम्युनिस्ट आणि मराठी क्रांतिकारक यांच्या वाटा वेगळ्या होत्या, छळणारा हात मात्र एकच. कोस्तांचा जन्म १७ जुलै १९६१ चा, लिस्बनमधला. गोव्यातली पोर्तुगीज सत्ता त्यानंतर पाच महिन्यांनी संपली. म्हणून ‘पोर्तुगालचा पंतप्रधान’ आणि ‘गोव्याचा मुलगा’ ही दोन विशेषणं एका दमात उच्चारताना जो अवघडलेपणा वाटतो, तो प्रामाणिक आहे आणि तो घाईने पुसून टाकू नये. वसाहत चालवणाऱ्या देशाने पुढे वसाहतीतल्या माणसाच्या मुलाला आपल्या सर्वोच्च कार्यकारी पदावर बसवलं. त्याने साडेचार शतकांचा हिशेब चुकता होत नाही, पण ही गोष्ट लहानही ठरत नाही.

आईकडून आलेला वारसा मात्र थेट न्यायालयाचा आहे. मारिया आंतोनिया पाल्ला या पत्रकार. १९७६ मध्ये त्यांनी सरकारी दूरदर्शनसाठी गर्भपातावर एक माहितीपट केला. तेव्हा पोर्तुगालमध्ये गर्भपात हा गुन्हा होता आणि बायका आडमार्गाने, जिवावर उदार होऊन तो करून घेत. सार्वजनिक नीतिमत्तेला बाधा आणि गुन्ह्याला चिथावणी, असे आरोप ठेवून त्यांच्यावर खटला भरला गेला. १९७९ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. मुलगा तेव्हा अठराच्या आसपास होता आणि थोड्याच काळात कायद्याच्या अभ्यासाला लागणार होता. न्यायालय छळूही शकतं आणि सोडवूही शकतं, हे त्याने घरात बघितलं. २००७ मध्ये सार्वमत होऊन दहा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात कायदेशीर झाला, तेव्हा तोच मुलगा मंत्रिमंडळात होता.

वकिली तशी फार काळ नाही. जॉर्ज सांपायो आणि व्हेरा जार्दिम यांच्या कचेरीत शिकाऊ म्हणून सुरुवात झाली. सांपायो पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, जार्दिम न्यायमंत्री. म्हणजे कचेरी वकिलांची आणि वातावरण राजकारणाचं. हुकूमशाहीच्या काळात राजकीय कैद्यांचे खटले लढवणाऱ्या पिढीतला सांपायो हा वकील. अशा माणसाच्या हाताखाली शिकताना दोन गोष्टी अंगवळणी पडतात. एक, समोरच्या पक्षाचा वकील हा शत्रू नसतो, त्याच्याशी उद्या पुन्हा बोलायचं असतं. दुसरी, अशिलाला काय हवं आहे यापेक्षा त्याला काय सोडता येईल, हे आधी शोधायचं. कोस्तांची पुढची सगळी कारकीर्द या दोन सवयींवर उभी आहे असं माझं मत आहे.

पण निव्वळ मसुदेबाज म्हणून त्यांना मोजलं तर चूक होईल. १९९३ मध्ये लिस्बनला लागून असलेल्या लोरिश नगरपालिकेच्या निवडणुकीत ते उभे होते. तिथल्या लोकांचा जीव वाहतुकीने कावलेला. शहरात शिरायचा चढाचा रस्ता सकाळी तुंबलेला आणि ओदिव्हेलाशपर्यंत मेट्रो नाही. कोस्तांनी ऐन गर्दीच्या वेळी त्या रस्त्यावर गाढव आणि फेरारी यांची शर्यत लावली. गाढव जिंकलं. फोटो देशभर गेले. निवडणूक ते हरले, तिथे कम्युनिस्टांच्या आघाडीचं बस्तान पक्कं होतं. ओदिव्हेलाशला मेट्रो पोचली २००४ मध्ये. दावा कसा मांडायचा हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं. न्यायाधीशाच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू ठेवायची आणि बाकी बोलणं कमी करायचं.

त्याच २००४ च्या जूनमध्ये युरोपीय संसदेची निवडणूक होती. समाजवादी पक्षाच्या यादीत पहिलं नाव अर्थतज्ज्ञ सोझा फ्रांको यांचं, दुसरं कोस्तांचं. मतदानाच्या चार दिवस आधी मातोझिन्यूशच्या बाजारात प्रचार करताना फ्रांको यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. यादीचं नेतृत्व कोस्तांकडे आलं, पक्षाने चोवीसपैकी बारा जागा जिंकल्या. कोस्ता संसदेच्या चौदा उपाध्यक्षांपैकी एक झाले. नागरी स्वातंत्र्य, न्याय आणि गृहव्यवहार समितीत त्यांनी काम केलं. जेमतेम आठ महिने. मार्च २००५ मध्ये गृहमंत्रिपदासाठी ते लिस्बनला परतले. कारकिर्दीच्या आढाव्यांत हे आठ महिने एका ओळीत उरकले जातात, पण तिथलं काम राष्ट्रीय संसदेपेक्षा वेगळ्या जातीचं असतं. तिथे कायमचं सत्ताधारी बहुमत नसतं. प्रत्येक विषयावर नवी गोळाबेरीज करावी लागते. एक सदस्य अहवाल लिहितो, प्रत्येक गट आपला एक माणूस त्याच्या मागावर ठेवतो आणि मग हे पाच-सहा जण एका खोलीत बसून दुरुस्त्यांचे गठ्ठे एकेका तडजोडीत बसवतात. आज ज्याच्याशी भांडलो त्याच्याच मतावर उद्याचा अहवाल अवलंबून असतो.

लिस्बनच्या महापौरपदाची आठ वर्षं इथे लांबवत नाही. दोन गोष्टी पुरेत. २०११ मध्ये त्यांनी आपलं कार्यालय इंतेंदेंत चौकात हलवलं. तेव्हा तो भाग अमली पदार्थ आणि देहविक्रय यांसाठी ओळखला जाई, पडक्या इमारती, रात्री कुणी फिरकत नसे. महापौर रोज तिथे येणार म्हटल्यावर दिवे लागले, पोलीस आले, फरशा बसल्या. पुढे भाडी वाढली आणि जुने रहिवासी हलले, हा भागही तितकाच खरा. दुसरी गोष्ट म्हणजे शहरातल्या ५३ प्रभागांच्या जागी २४ करण्याची फेररचना. कुठलाही नगरसेवक आपला प्रभाग सहज सोडत नाही. ती फेररचना त्यांनी विरोधी पक्षाला सोबत घेऊन पार पाडली.

आता २०१५ कडे येऊ या. कोस्तांचं खरं कसब तिथे दिसतं.

४ ऑक्टोबर २०१५ ची निवडणूक. संसदेत २३० जागा, बहुमताचा आकडा ११६. कर्ज देणाऱ्या परदेशी संस्थांच्या अटींखाली काटकसर राबवणाऱ्या पासोस कोएल्यो यांच्या उजव्या आघाडीला १०७ जागा. कोस्तांच्या समाजवाद्यांना ८६. ‘डावा गट’ या पक्षाला १९, कम्युनिस्ट आणि हरित मिळून १७, प्राणिहक्कवाद्यांची एक. कोस्ता हरले होते आणि त्या रात्री त्यांनी ते मान्यही केलं. आजवरच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या क्रमांकाचा पक्ष सरकार बनवणार आणि दुसरा त्याला चालू देणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण पोर्तुगालच्या घटनेत नव्या सरकारला विश्वासदर्शक ठराव जिंकावा लागत नाही. दहा दिवसांत आपला कार्यक्रम संसदेपुढे ठेवला की पुरे. तो फेटाळण्याचा प्रस्ताव आला तर मात्र त्याला ११६ मतं लागतात. म्हणजे अल्पमतातलं सरकारही विरोधकांच्या फुटीवर जगू शकतं. १९७५ च्या क्रांतिकाळापासून समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात विस्तव जात नव्हता, त्यामुळे ही फूट कायमचीच मानली जाई. शिवाय घटनेतली आणखी एक तरतूद कामाला आली. नवी संसद पहिल्या सहा महिन्यांत बरखास्त करता येत नाही आणि राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांतही नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष काव्हाको सिल्वा यांची मुदत मार्च २०१६ मध्ये संपत होती. दोन्ही कुलपं एकाच वेळी लागली होती. फेरनिवडणुकीची धमकी कुणाला देताच येत नव्हती.

कोस्तांनी हे गणित मांडलं आणि डावीकडे वाटाघाटी सुरू केल्या. अडचण अशी की कम्युनिस्टांना नाटो नको, युरोही नको. डाव्या गटाला कर्जाची फेररचना हवी. आणि हे दोन पक्ष एकमेकांचे मतदार खेचणारे, एका व्यासपीठावर यायला तयार नाहीत. कोस्तांनी एकच आघाडी करार करण्याचा हट्ट सोडला. तीन स्वतंत्र कागद झाले. डाव्या गटाशी एक, कम्युनिस्टांशी एक, हरितांशी एक. मंत्रिपदं कुणालाच नाहीत, नुसता बाहेरून पाठिंबा. नाटो, युरो, कर्ज हे विषय मसुद्याबाहेर ठेवले आणि आमच्यात मतभेद आहेत हे उघड मान्य केलं. जे लिहिलं ते मोजता येईल असं होतं. सरकारी नोकरांची पगारकपात २०१६ च्या चार तिमाह्यांत टप्प्याटप्प्याने मागे घ्यायची. गोठवलेली पेन्शन मोकळी करायची. रद्द केलेल्या चार सुट्ट्या परत द्यायच्या. किमान वेतन ५०५ युरोंवर होतं ते चार वर्षांत ६०० वर न्यायचं. उपाहारगृहांवरचा कर २३ वरून १३ टक्क्यांवर आणायचा. १० नोव्हेंबरला तिन्ही कागदांवर वेगवेगळ्या सह्या झाल्या, बंद खोलीत, समारंभाशिवाय. त्याच दिवशी १२३ मतांनी उजव्या सरकारचा कार्यक्रम फेटाळला गेला. शपथ घेऊन त्या सरकारला दोन आठवडेही झाले नव्हते. राष्ट्राध्यक्षांनी आणखी सहा मुद्द्यांवर लेखी खुलासा मागितला. कोस्तांनी तो दिला आणि २६ नोव्हेंबरला पंतप्रधानपदाची शपथ घेतली.

विरोधकांनी या सरकारला मोडकं यंत्र म्हणून हिणवलं. वर्षभर टिकणार नाही असा अंदाज होता. ते पूर्ण चार वर्षं चाललं, सगळे अर्थसंकल्प मंजूर झाले, किमान वेतन २०१९ मध्ये ठरल्याप्रमाणे ६०० वर पोचलं आणि त्याच वर्षी लोकशाही आल्यापासून प्रथमच सरकारी हिशेब शिलकीत आला. ही शिलक फुकटची नव्हती. सेंतेनो यांनी मंजूर रकमा वर्षभर अडकवून ठेवल्या, सार्वजनिक गुंतवणूक आखडली, रुग्णालयं आणि रेल्वे यांना त्याची झळ बसली. कागदावर वचन पाळायचं आणि कागदाबाहेर कात्री लावायची. ही बाजू कोस्तांचे चाहते सांगायचं विसरतात.

वकिली सवयीची दुसरी बाजू २०१७ मध्ये दिसली. जूनमध्ये पेद्रोगाव ग्रांदच्या वणव्यात ६६ माणसं गेली, कित्येक जण पळून जाताना रस्त्यावर गाड्यांमध्ये जळाले. ऑक्टोबरमध्ये पुन्हा वणवे, पुन्हा मृत्यू. दोन्ही मिळून शंभरावर. कोस्ता चौकशी समिती, अहवाल, आकडेवारी, पुढची सुधारणा याविषयी नेमकं आणि बरोबर बोलत राहिले. माफी मागत नव्हते. जबाबदारी मान्य करणारा शब्द अशिलाच्या तोंडून निघू द्यायचा नाही, ही कचेरीत शिकलेली शिस्त. लोकांना मात्र समोर माणूस हवा होता. नवे राष्ट्राध्यक्ष रेबेलो द सोझा यांनी जळलेल्या भागात जाऊन कानउघाडणी केल्यानंतर, दुसऱ्या दिवशी संसदेत त्यांनी माफी मागितली, तीही तुम्हाला ऐकायचीच असेल तर मागतो अशा सुरात. चार महिने उशिरा. माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा डाग आहे, त्या शेवटच्या परिच्छेदापेक्षाही मोठा.

आणि मग बहुमत मिळालं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या डाव्या साथीदारांनी अर्थसंकल्प पाडला, जानेवारी २०२२ मध्ये निवडणूक झाली, २३० पैकी १२० जागा एकट्या समाजवाद्यांना. आता कुणाची मनधरणी नको. तिथूनच घसरण सुरू झाली. पहिल्याच वर्षात डझनभर मंत्री आणि राज्यमंत्री गेले. सरकारी विमान कंपनीतून पाच लाख युरो घेऊन बाहेर पडलेल्या बाईंना अर्थखात्यात राज्यमंत्री केलं गेलं आणि प्रकरण पेटलं. राष्ट्राध्यक्षांना नको असलेला मंत्री कोस्तांनी हट्टाने ठेवला. अल्पमतात असताना प्रत्येक नाव, प्रत्येक आकडा तीन पक्षांच्या नजरेखालून जात होता, म्हणून चुका आधीच पकडल्या जात. बहुमतात तो पहारा उठला. मला त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत बोलका भाग हाच वाटतो. दुसऱ्यांच्या मतांवर चालताना त्यांनी उत्तम सरकार चालवलं, स्वतःच्या मतांवर चालताना सुमार.

राजीनाम्यानंतरच्या आठवड्यातच कळलं की फोनवरच्या एका संभाषणाच्या नोंदीत ‘आंतोनियो कोस्ता’ असं लिहिलं होतं, पण बोलणारा अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री आंतोनियो कोस्ता सिल्वा यांच्याविषयी बोलत होता. अभियोक्त्यांनी ही चूक मान्य केली. एप्रिल २०२४ मध्ये लिस्बनच्या अपील न्यायालयाने उपलब्ध पुराव्यांवरून संशयितांविरुद्ध गुन्ह्याचे पुरेसे संकेत दिसत नाहीत असं म्हटलं. मेमध्ये कोस्तांनी स्वतः मागणी करून जबाब दिला, आरोपी म्हणून नव्हे. महाअभियोक्त्यांनी पुढे दूरदर्शनच्या मुलाखतीत त्या परिच्छेदाचं समर्थन केलं. तो गाळला असता तर पंतप्रधानांना पाठीशी घातल्याचा ठपका आला असता, हा त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. तरीही वाटतं की इतक्या वजनाच्या मजकुराखाली कुणाची तरी सही हवी, आणि तो लिहिण्याआधी नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या होत्या का, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं. राजीनामा देणं योग्य होतं. रोख रक्कम त्यांच्याच कार्यालयात सापडली होती आणि माणसं त्यांनीच निवडली होती.

२७ जून २०२४ ला युरोपीय परिषदेने, म्हणजे सत्तावीस देशांच्या प्रमुखांच्या मंडळाने, त्यांना अध्यक्ष निवडलं. इटलीच्या मेलोनी यांनी विरोध केला, हंगेरीच्या ओर्बान यांनी मात्र कोस्तांना मत दिलं. १ डिसेंबरला त्यांनी सूत्रं घेतली. मुदत अडीच वर्षांची, आणखी एकदाच वाढवता येते. हे पद मोठं दिसतं, पण अध्यक्षाला मत नसतं. सैन्य नाही, अर्थसंकल्प नाही, कायदा मांडण्याचा अधिकार नाही. काम एकच: सत्तावीस जणांचं एकमत होईल असा कागद तयार करणं. बैठकीच्या काही आठवडे आधी विषयसूची, मग निष्कर्षांचा कच्चा मसुदा. तो राजदूतांच्या समितीत फिरतो. जिथे वाद आहे तो मजकूर चौकोनी कंसात राहतो. बैठकीच्या दिवशी सभागृहात फक्त नेते, सल्लागार बाहेर. आत काय चाललं आहे ते टिपणारा अधिकारी थोड्या थोड्या वेळाने बाहेर येऊन राजदूतांच्या प्रतिनिधींना सांगतो आणि मग ती टिपणं सत्तावीस राजधान्यांना जातात. कंस सुटले नाहीत तर रात्र जागावी लागते.

६ मार्च २०२५ ला युक्रेनवरच्या मजकुराला हंगेरी तयार नव्हती. आदल्या काळात अशा वेळी ताटकळत राहणं, सवलत देणं किंवा ज्याचा विरोध आहे त्याने निर्णयाच्या वेळी खोलीबाहेर जाणं, असे प्रकार झाले होते. कोस्तांनी दोन कागद केले. संरक्षणावर सत्तावीस जणांचे निष्कर्ष आणि युक्रेनवर वेगळा मजकूर, ज्याला सव्वीस नेत्यांचा ठाम पाठिंबा आहे अशी स्पष्ट नोंद. लिस्बनमधल्या तीन कागदांचीच ही पुढची आवृत्ती होती. पण तिची किंमतही असते. सव्वीस जणांचा मजकूर म्हणजे परिषदेचा निष्कर्ष नव्हे. निर्बंधांची मुदत वाढवणं किंवा नव्या देशाच्या प्रवेशाची बोलणी पुढे नेणं अशा जागी सत्तावीसच लागतात, तिथे हा उपाय चालत नाही. आणि एकदा वेगळा कागद काढण्याची सवय लागली की अडून बसणाऱ्याला समजावण्याची निकडही कमी होते. त्याच वर्षी ही पद्धत पुन्हा पुन्हा वापरावी लागली, यावरून तिची मर्यादा कळते.

डिसेंबर २०२५ ची बैठक याहून कठीण होती. युरोपात गोठवलेल्या रशियन मालमत्तेच्या आधारे युक्रेनला कर्ज द्यायचं, असा बेत. त्या मालमत्तेचा मोठा भाग ब्रुसेल्सच्या युरोक्लिअर संस्थेत आणि उद्या रशियाने दावा लावला तर भरपाई कुणी द्यायची, यावर बेल्जियम अडून बसलं. बाकीच्यांनी अमर्याद हमी द्यावी अशी त्याची मागणी होती आणि ती कुणालाच पेलणारी नव्हती. पहाटेपर्यंत ताणल्यानंतर तो बेत बाजूला पडला. २०२६ आणि २०२७ साठी ९० अब्ज युरो संघाने सामायिक कर्ज काढून द्यायचे ठरलं. हंगेरी, स्लोवाकिया आणि चेकिया यांच्यावर त्याचा आर्थिक बोजा पडणार नाही अशी अट घातली. त्या बैठकीत त्यांनी अडवलं नाही, भरायचंही कबूल केलं नाही. पैशांचा निर्णय मात्र झाला. रशियन मालमत्तेचा प्रश्न तसाच राहिला, हे अपयशच. पण कीव्हच्या तिजोरीला त्या क्षणी पैशांची गरज होती.

भारताशी असलेला धागाही असाच लांबलचक फाइलीचा आहे. व्यापार कराराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये गाडीवरच्या करापासून दारूपर्यंत सगळ्यांवर अडकून थांबली. ८ मे २०२१ ला पोर्तुगाल युरोपीय संघाच्या फिरत्या अध्यक्षपदावर असताना पोर्तोमध्ये भारत-युरोप बैठक झाली. कोरोनाची लाट भारतात टिपेला होती, पंतप्रधान मोदी पडद्यावरून सामील झाले. तिथे बोलणी पुन्हा सुरू करायचं ठरलं, यजमान कोस्ता. २७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत बोलणी पूर्ण झाल्याची घोषणा झाली तेव्हा युरोपच्या बाजूने व्यासपीठावर उर्सुला फॉन डेर लायन यांच्यासोबत कोस्ताच होते. त्यांनी खिशातून आपलं परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड काढून दाखवलं. ते त्यांना २०१७ च्या जानेवारीत बंगळूरुला मिळालं होतं. त्याच दौऱ्यात लिस्बनमध्ये त्यांच्या पक्षाचे संस्थापक मारियो सोअरिश वारले, मायदेशी टीका झाली, तरी दौरा अर्धवट न सोडता ते गोव्यापर्यंत गेले होते.

कार्डाचा फोटो सगळीकडे झळकला. कराराचा मजकूर त्यानंतर कायदेतज्ज्ञांकडे जातो. शब्द आणि संदर्भ तपासले जातात, जोडपत्रांतले करदर ओळीओळीने जुळवले जातात, मग संघाच्या चोवीस भाषांत भाषांतर, सत्तावीस देशांच्या मंत्र्यांची मान्यता आणि शेवटी युरोपीय संसदेची संमती, जिथे कोस्तांनी एके काळी उपाध्यक्ष म्हणून कामकाज चालवलं होतं. संसदेला मजकुरात बदल करता येत नाही, हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. कोस्तांची पहिली मुदत मे २०२७ च्या अखेरीला संपते. द्राक्षं, कोळंबी, कापड, औषधं यांवर जगणाऱ्या इकडच्या माणसांसाठी कार्डापेक्षा त्या जोडपत्रांतल्या ओळी महत्त्वाच्या आहेत, आणि त्या तपासण्याचं काम आता दोन्हीकडच्या वकिलांकडे आहे.